जास्त पळालेल्या गाडीत सिंथेटिक ऑईल : घालावे की घालू नये?

जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत आज असे गाव क्वचितच सापडेल, की जेथे चार-दोन घरांचा चरितार्थ गाडीवर चालत नाही. नारायणगावचा टोमॅटो, सातगाव पठारचा बटाटा, ओतूर-आळेफाट्याचा कांदा मुंबईच्या बाजारात पोहोचवणाऱ्या पिकअप, घोडेगावहून डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरच्या डोंगरात माणसे नेणाऱ्या जीपा, शाळेच्या मुलांना ने-आण करणारी एखादी व्हॅन. यातील बहुतेक गाड्या मालकाने कोऱ्या घेतलेल्या नसतात. कोणीतरी लाखभर किलोमीटर पळवून विकलेली गाडी आपला माणूस बँकेच्या किंवा महामंडळाच्या कर्जावर घेतो आणि पुढचे लाखभर किलोमीटर तिच्यावर संसार चालवतो. अशा गाडीचे इंजिन बसले तर नुसते इंजिन बसत नाही. हंगाम जातो, हप्ता थकतो आणि मुलांच्या शाळेची फीही लांबते.

म्हणूनच गॅरेजमध्ये हल्ली वारंवार एक प्रश्न कानावर येतो : "मिस्त्री, गाडी दीड लाख पळाली. आता सिंथेटिक टाकू का?" यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक मिस्त्री सांगतो, "अजिबात नको, जुन्या गाडीला सिंथेटिक घातलं की गळती सुरू होते." दुसरा सांगतो, "बिनधास्त टाक, इंजिन नव्यासारखं होईल." दोघेही अनुभवी असतात आणि दोघांच्याही बोलण्यात अर्धे खरे असते. ग्राहक मात्र मधल्या मध्ये सापडतो. ते अर्धे खरे कोणते, हे नीट उलगडून सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. मायलेज या शब्दाने आपल्याकडे गाडी लिटरला किती किलोमीटर देते हे समजले जाते. इंग्रजी माहितीपत्रकात 'हाय मायलेज' गाडीचे तेल असे छापलेले असते, तेथे अर्थ अगदी वेगळा असतो : जास्त पळालेली, मीटर पुढे गेलेली गाडी. ते वाचून 'हे तेल घातले की गाडी जास्त ॲव्हरेज देते' असे समजून तेल घेणारे लोक मी पाहिले आहेत.

आता मूळ विषय. डब्यातले इंजिन ऑईल म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग मूळ तेलाचा असतो. उरलेल्या भागात मळ धुणारी, झीज रोखणारी, गंज टाळणारी आणि तेल जुने होऊ न देणारी रसायने असतात. खनिज आणि सिंथेटिक हा भेद त्या मूळ तेलाचा आहे. जमिनीतून निघालेले कच्चे तेल शुद्ध करून जे मिळते ते खनिज तेल. त्याचे रेणू लहान-मोठे, नाना आकाराचे असतात. न निवडता पोत्यात भरलेल्या कांद्यासारखे समजा : गोळा, गोल्टी आणि बदला सगळे एकत्र. इंजिन तापले की त्यातला हलका भाग वाफ होऊन उडतो आणि कमकुवत भाग आधी जळून चिकट होतो. सिंथेटिक तेल म्हणजे निवडलेला माल. कारखान्यात रेणू जोडून किंवा खनिज तेलावरच उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून ते जवळजवळ एकसारखे केले जातात. त्यामुळे ते थंडीत कमी गोठते, उष्णतेत कमी पातळ होते, कमी उडते आणि जास्त दिवस टिकते.

येथे एक व्यापारी गोष्ट माहीत असावी. कारखान्यात रेणू जोडून बनवलेले तेल तेवढेच सिंथेटिक, की खनिज तेलावर प्रक्रिया करून केलेलेही, यावर अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांचा वाद झाला होता. १९९९ साली जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या तेथील मंडळाने प्रक्रिया केलेल्या तेलालाही तो शब्द वापरू दिला. तेव्हापासून डब्यावरच्या 'फुल्ली सिंथेटिक' या अक्षरांवरून आत नेमके कोणते मूळ तेल आहे ते कळत नाही. 'सेमी सिंथेटिक'चे तर प्रमाणच ठरलेले नाही. यात फसवणूक आहे असे नाही, प्रक्रिया केलेले तेलही चांगलेच असते. पण डब्याच्या दर्शनी भागावरील मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरे जास्त कामाची असतात, हे ध्यानात घ्यावे.

त्या बारीक अक्षरांत दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे जाडी, अर्थात ग्रेड. '१५डब्ल्यू-४०' यातील डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत चपळ. नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरची जाडी सांगतो. १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेडच्या तेलाची जाडी ९.३ ते १२.५ आणि ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ या मापात असावी लागते. मापाचे नाव सेंटिस्टोक. ते लक्षात नाही राहिले तरी चालेल, पण तापलेल्या इंजिनात ३० आणि ४० मध्ये बराच फरक पडतो एवढे लक्षात असू द्या. पुढे याचा संबंध येणार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या खुणेत पेट्रोल इंजिनासाठी एस आणि डिझेलसाठी सी हे अक्षर पहिले येते. सीएच-४ हा दर्जा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीके-४ हा २०१६ चा. पेट्रोलमध्ये एसएन २०१० चा, एसपी २०२० चा.

थंडीचा मुद्दा आपल्याकडे फारसा लागू नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. जुन्नरला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी १० अंशांच्या खाली येतो आणि शेकोट्या पेटतात हे खरे. पण १५डब्ल्यू तेल शून्याखाली २० अंशांतही इंजिन फिरू देईल, अशीच त्याची कसोटी असते. तेव्हा थंडीत गाडी चालू होत नाही म्हणून सिंथेटिक घेण्याऐवजी आधी बॅटरी आणि हीटर प्लग पाहावेत. आपल्याकडे सिंथेटिकचा खरा उपयोग उष्णतेत आहे. माल उतरवून परत येणारी गाडी मोरोशीकडून माळशेज घाट चढते, कधी परतीचा माल भरलेला असतो, टर्बो लाल होण्याइतका तापतो. वर खुबी फाट्यावर चहाची टपरी दिसली की चालक थांबतो आणि लगेच चावी काढतो. तेलाचा प्रवाह बंद झाला, टर्बोच्या दांड्यावर राहिलेले तेल तेथेच भाजले. खनिज तेलाची अशी राख-चिकटी लवकर साचते, सिंथेटिकची कमी. अर्थात चावी काढण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवणे हा उपाय फुकटचा आहे आणि तो कोणत्याही तेलाला लागू पडतो.

गळतीचा समज कोठून आला?

हा समज निराधार नाही. अमेरिकेत सिंथेटिक ऑईल सर्वसामान्य मोटारींसाठी १९७० च्या दशकात बाजारात आले. मोबिल-१ हे तेल तेथे १९७४ साली आले. खनिज तेल रबरी ऑईल सीलमध्ये थोडे मुरते व सील किंचित फुगून घट्ट बसते. नव्या तेलात हा गुण नव्हता. वर्षानुवर्षे खनिज तेलात फुगलेले सील त्यात आकसले आणि गाड्या गळू लागल्या. कंपन्यांनी पुढे सील फुगवणारे घटक मिसळून हा दोष काढला. डिझेलच्या सीआय-४ आणि पेट्रोलच्या एसएन दर्जात तर रबरावर तेलाचा काय परिणाम होतो याची चाचणीच समाविष्ट आहे. म्हणजे समजाचे कारण संपले, समज मात्र गॅरेजमध्ये बापाकडून मुलाकडे चालत आला.

तरीही जुन्या गाड्यांत सिंथेटिक घातल्यावर गळती दिसते, हे आम्ही घरीच अनुभवले आहे. आमच्या धाकट्या बंधूंची जीप. मीटर पाच आकडी, एकदा फिरून पुन्हा शून्यावरून पुढे गेलेला, म्हणजे लाखाच्या वर किती हे देवालाच माहीत. एका गॅरेजमध्ये त्यांना सिंथेटिक घालण्याचा सल्ला मिळाला. बंधूंनी महागाचे का होईना, चांगले म्हणून घातले. तीन आठवड्यांत अंगणात चेंबरखाली रोज रुपयाएवढे डाग दिसू लागले. पुढे घाट चढून गाडी उभी केली की ऑईलचा लाल दिवा मिचमिच करू लागला. बंधू घाबरले. "दादा, सिंथेटिकने इंजिन खाल्लं," असे म्हणत ते माझ्याकडे आले. रिकामा डबा आणायला सांगितला. डब्यावर ५डब्ल्यू-३०. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलेले.

दोष सिंथेटिकचा नव्हता, पातळपणाचा होता. झिजलेल्या बेअरिंगमध्ये फट वाढलेली असते. तेथे ४० चे तेल दाब धरून ठेवते, ३० चे निसटते. कडक झालेल्या मागच्या ऑईल सीलमधूनही पातळ तेल सहज पाझरते. आम्ही १५डब्ल्यू-४० चे साधे तेल नवीन फिल्टरसह भरले. दिवा त्याच दिवशी थांबला. गळती कमी झाली पण थांबली नाही, कारण सील खरोखरच गेलेले होते. ते बदलल्यावर अंगण कोरडे झाले. सिंथेटिकचे पैसे वाया गेले ते गेलेच. माझ्या मते 'सिंथेटिकने गाडी गळते' या तक्रारींपैकी पुष्कळशा या प्रकारच्या असतात. तेलाची जात बदलताना जाडीही बदललेली असते आणि बोल मात्र जातीला लागतो. १५डब्ल्यू-४० मध्येही सिंथेटिक मिळते, हे पुष्कळ मालकांना कोणी सांगतच नाही.

गळतीचे दुसरे कारण मळ. ज्या गाडीचे ऑईल वेळेवर बदलले गेले नाही, तिच्या आत काळा चिखल साचतो. तो चिखल कधी कधी गेलेल्या सीलच्या फटीत बुचासारखा बसलेला असतो. चांगले तेल, मग ते कोणतेही असो, मळ विरघळवते. बूच निघाले की मूळ गळती उघडी पडते. त्याहून वाईट म्हणजे सुटलेला मळ चेंबरमधल्या चाळणीत अडकतो आणि पंपाला तेल मिळेनासे होते. यासाठीच जुन्या गाडीत 'इंजिन फ्लश'ची बाटली ओतून इंजिन एकदम धुण्याच्या फंदात पडू नये. ज्या इंजिनाचा मागचा इतिहास ठाऊक नाही, त्यात ती विशेष धोक्याची.

आधी इंजिन पाहा, मग तेल

तेल निवडण्यापूर्वी हजार किलोमीटर गाडीवर नजर ठेवावी. सपाट जागी, सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी ऑईलची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी आणि वहीत लिहावी. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. डाग कोठे पडतो यावरून सील, पॅकिंग की फिल्टर हे मिस्त्रीला कळते. ऑईल भरण्याचे झाकण उघडून आतली बाजू पाहावी. जाड काळा थर म्हणजे पूर्वीच्या मालकाने हयगय केली. दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर असेल तर पाणी आले. मात्र पावसाळ्यात पश्चिम आंबेगावात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही झाकणाखाली थोडा पांढरा थर धरतो. गाडी लांब पळवल्यावर तो जात असेल तर चिंता नको. तो जात नसेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेडचे पॅकिंग तपासणे आले. धूर निळसर असेल तर तेल जळते आहे.

हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर तेल पिणाऱ्या गाडीला सिंथेटिक पाजण्यात मला काही अर्थ दिसत नाही. सिंथेटिक साध्या तेलाच्या साधारण दुप्पट-तिप्पट किमतीला मिळते. ते जाळून धूरच करायचा असेल तर साधे, योग्य ग्रेडचे तेल बरे. वाचलेले पैसे रिंग-पिस्टनच्या कामासाठी बाजूला ठेवावेत. झिजलेली रिंग कोणत्याही डब्यातून परत येत नाही. 'जास्त पळालेल्या गाडीसाठी' म्हणून मिळणाऱ्या तेलांत सील मऊ करणारे घटक थोडे जास्त असतात, जाडीही त्या ग्रेडच्या वरच्या बाजूची असते. किरकोळ पाझर त्याने थांबू शकतो. फाटलेले सील थांबत नाही.

याउलट, गाडी दोन लाख पळालेली आहे, पण तेल पीत नाही, अंगण कोरडे आहे, झाकणाखाली स्वच्छ आहे, टर्बो आहे आणि रोज घाटात किंवा महामार्गावर ओझे घेऊन जायचे आहे, अशा गाडीला सिंथेटिक अवश्य घालावे. किती किलोमीटर पळाली हा आकडा येथे आडवा येत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीतही तेलाला उष्णता जास्त सोसावी लागते, तेथेही त्याचा उपयोग होतो.

बदल करायचा ठरला तर फार सोपस्कार नाहीत. इंजिन कोमट-गरम असताना जुने तेल पूर्ण निथळू द्यावे. फिल्टर नवाच घालावा, तेथे काटकसर नको. पुस्तकात दिलेलीच ग्रेड ठेवावी. पहिली भर निम्म्या अंतराने बदलावी, कारण पहिल्या भरीत जुना मळ उतरतो. तोपर्यंत दर आठवड्याला पट्टी पाहावी. डिझेल गाडीचे तेल दोन दिवसांत काळे झाले म्हणून "सिंथेटिक पण काळंच पडतं की" अशी तक्रार करू नये. काजळी उचलून धरणे हेच त्याचे काम आहे. बोटावर घेऊन रंगावरून तेलाची पारख करणारे लोक भेटतात, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. रस्त्यात पातळी कमी झाली आणि सिंथेटिक मिळाले नाही, तर त्याच ग्रेडचे साधे तेल भरून घरी यावे. दोन्ही एकमेकांत मिसळतात. नासत नाहीत.

सिंथेटिक जास्त टिकते म्हणून पुस्तकातील अंतर आपल्या मनाने वाढवणे मात्र मला मान्य नाही. आपल्या रस्त्यांचा हिशेब वेगळा आहे. शेताच्या बांधापर्यंत कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या पिकअपच्या एअर फिल्टरमध्ये उन्हाळ्यात मूठभर माती निघते. ती माती तेलात उतरली की कोणत्याही जातीचे तेल खरकागदासारखे इंजिन घासते. एअर फिल्टरची किंमत तेलाच्या डब्यापेक्षा कितीतरी कमी असते, आणि तोच सर्वात दुर्लक्षित भाग आहे. दुसरे असे, की बाजाराच्या रांगेत तास-तासभर गाडी चालू ठेवून उभे राहिले तर मीटर जागचा हलत नाही, तेल मात्र राबत असते. ट्रॅक्टरवाले तेल तासांवर बदलतात ते यासाठीच. रांगेत जास्त उभ्या राहणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर पुरे होण्याआधीच बदललेले चांगले.

दोन सूचना आणखी आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. या गाड्याही आता लाखाचा टप्पा ओलांडू लागल्या आहेत. ज्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी गाळणारा फिल्टर आहे, तिला कमी राखेचे तेल लागते. तेथे पुस्तकात दिलेल्या दर्जाबाहेर जाऊच नये. जुन्या दर्जाच्या तेलाची राख त्या फिल्टरमध्ये साचून राहते आणि तो बदलायचा म्हणजे मोठा खर्च. दुसरी सूचना मोटारसायकलवाल्यांसाठी. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. घरातल्या चारचाकीचे उरलेले सिंथेटिक त्यात ओतले तर घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेले पाहूनच घ्यावे. स्कूटरचे एमबी तेल वेगळे, ते मोटारसायकलला चालत नाही.

बनावट मालाबद्दलही सावध असावे. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतेच तेल भरून विकले जाते, आणि महागड्या सिंथेटिकच्या डब्याला त्यासाठी जास्त मागणी असते. सील पाहून, बिल घेऊन तेल घ्यावे आणि आपल्यासमोर ओतायला सांगावे. रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नये, खिळ्याने भोक पाडून मगच टाकावा.

राहिले ते निघालेले जुने तेल. पूर्वी बैलगाडीच्या आसाला वंगण लागे, तेव्हा असले काळे तेल घराघरांत जपून ठेवीत. आजही वाळवी लागू नये म्हणून ते लाकडी मेढींना फासतात, काही जण हाताने फासतात. इंजिनातून निघालेल्या तेलात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात, म्हणून ते हाताला लागू देऊ नये, लागल्यास साबणाने धुवावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा कुकडीच्या कालव्याच्या कडेला ते ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत पुनर्शुद्धी करणाऱ्यांकडे तेल पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. आमच्या बंधूंच्या जीपमधून काढलेले ते महागडे ५डब्ल्यू-३० आम्ही तसेच दिले. त्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला होता. ती सवय मात्र बंधूंनी तेव्हापासून ठेवली आहे, आता चिठ्ठी डब्याऐवजी बॉनेटच्या आतल्या बाजूला असते.